टाइप घासणारा मुलगा : जावजी दादाजी



आमच्या बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांना छापखाना ही गोष्ट नवी नाही. नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका, मंडळीचा वार्षिक अहवाल, शब्बाथशाळेच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिका आणि एखादा वडीलधारा प्रभूकडे गेल्यावर वाटायची स्मरणपत्रिका, हे सारे एके काळी बाजारपेठेतल्या एखाद्या लहानशा छापखान्यातूनच येत असे. दोन खोल्या, एक पायाने चालवायचे ट्रेडल मशीन, भिंतीला लागून खिळ्यांच्या लाकडी केसी, आणि शाई व रॉकेल यांचा मिसळलेला वास. आमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या नाकात तो वास अजून असेल.

काही वर्षांपूर्वी असाच एक छापखाना बंद झाला. संगणक आणि ऑफसेट यांच्यापुढे त्याचा टिकाव लागेना. मालक आमच्या ओळखीचे होते. त्यांनी निरोप पाठवला म्हणून आम्ही गेलो, तर अंगणात केसी उलट्या करून ठेवलेल्या आणि खिळ्यांचा ढीग पोत्यात भरला जात होता. शिशाच्या भावाने ते वजनावर मोडीत निघाले होते. ज्या खिळ्यांनी तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका छापल्या, ते एका दुपारी तराजूत गेले. आम्ही मालकांच्या परवानगीने मूठभर खिळे उचलून आणले. ते आजही आमच्या टेबलाच्या खणात एका डबीत आहेत. शब्बाथशाळेच्या मुलांच्या हातावर आम्ही कधी कधी एकेक खिळा ठेवतो आणि कोणते अक्षर आहे ते ओळखायला सांगतो. अक्षर उलटे असते, म्हणून मुले आधी गोंधळतात. मग कागदावर उमटवून दाखवले की हसू लागतात.

त्या खिळ्यांकडे पाहताना आम्हाला नेहमी एका माणसाची आठवण होते. त्याचे नाव जावजी दादाजी. मुंबईच्या ‘निर्णयसागर’ छापखान्याचा हा संस्थापक. तो आपल्या मंडळीचा सभासद नव्हता, आणि आम्ही त्याला ओढूनताणून तसा करणारही नाही. तरी त्याचे चरित्र या पानांत यावे असे आम्हाला वाटते. कारण त्याने हातात पहिला खिळा धरला तो एका मिशनच्या छापखान्यात.

जावजींच्या आधीचा काळ

मराठी भाषा छापली जाऊ लागली त्याची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे जावजींचे काम नीट ध्यानात येईल.

१८०५ हे साल या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापले, आणि मत्तयाचे शुभवर्तमानही मराठीत छापून निघाले. त्याच साली आपल्या अगदी शेजारी, मिरजेस, तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी भगवद्गीता छापवून घेतली. मात्र ती खिळ्यांनी छापलेली नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर एकेक पान कोरून त्याचे छाप काढले होते. हे कोरीवकाम करणारा कारागीर पुण्यास इंग्रज वकिलातीच्या आश्रयाने ती कला शिकला होता. एकीकडे मिशनरी आणि दुसरीकडे संस्थानिक, दोघांचेही हात एकाच वेळी एकाच कामाला लागले होते, हे पाहून नवल वाटते.

मुंबईत अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली आले. छापील पुस्तकावाचून आपले काम पुढे जाणार नाही हे त्यांच्या लवकर लक्षात आले. १८१६ साली होरेशिओ बार्डवेल हे छपाई जाणणारे मिशनरी येऊन मिळाले, आणि १८१७ च्या मार्च महिन्यात मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. खिळे बंगालमधून आणावे लागले होते. ते आकाराने ओबडधोबड होते आणि पुरेसेही नव्हते. पुढे याच छापखान्यात खिळे पाडण्याचे व ओतण्याचे काम सुरू झाले. टॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर तेथे तयार झाला, आणि त्याच्या हातची मराठी अक्षरे आधीच्या अक्षरांहून पुष्कळ सुबक ठरली.

याच मिशनच्या छापखान्यात काम केलेला एक भंडारी गृहस्थ म्हणजे गणपत कृष्णाजी. त्याने तेथे पाहिलेली कला स्वतःच्या बळावर उभी करण्याचे मनावर घेतले. शाई स्वतः तयार केली, शिळा मिळवल्या, आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. एका एतद्देशीय माणसाने स्वतःच्या मालकीच्या छापखान्यातून काढलेले हे पहिले मराठी पंचांग. त्या वेळी पुष्कळ सोवळी माणसे छापील कागदाला हात लावीत नसत. शाईत चरबी असते असा त्यांचा समज होता. म्हणून गणपत कृष्णाजीने तुपाची शाई केली असे सांगतात. पुढे त्याने खिळ्यांचा छापखानाही चालवला. तो १८६० साली वारला.

याच १८३१ साली आपल्या बेळगावात बाबा पद्मनजी यांचा जन्म झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी ते एक. छापील मराठी पुस्तक आणि बाबा पद्मनजी हे जणू जोडीनेच वाढले. १८५७ साली त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव पुस्तकावर राहते, म्हणून बाबांना आपण ओळखतो. अक्षर पाडणाऱ्याचे नाव मात्र पुस्तकावर नसते.

दोन रुपये महिना

जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. आडनाव चौधरी. वडील लवकर वारले. घरात मिळवते कोणी राहिले नाही, आणि शाळा हे ज्यांच्या घरी दोन वेळा चूल पेटते त्यांचे काम होते. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षी हा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला. काम टाइप घासण्याचे. पगार महिना दोन रुपये.

टाइप घासणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. आधी कारागीर पोलादाच्या कांडीच्या टोकावर एक अक्षर उलटे कोरतो. ही कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की त्यात अक्षराचा खळगा उमटतो. तो तुकडा साच्यात बसवून वितळलेले शिसे ओततात. नुसते शिसे मऊ पडते, म्हणून त्यात अँटिमनी व कथील मिसळतात. क्षणात खिळा तयार होतो. पण साच्यातून निघालेला खिळा खडबडीत असतो. त्याच्या कडेला धातूचे बारीक कंगोरे राहतात. ते घासून काढले नाहीत तर खिळे एकमेकांना चिकटून उभे राहत नाहीत. ओळ वाकडी होते, एक अक्षर वर तर एक खाली जाते, आणि छापताना पान फाटते. म्हणून प्रत्येक खिळा हातात धरून, चारी बाजूंनी, न जास्त न कमी, असा घासावा लागतो. एक झाला की दुसरा. दिवसभर हेच.

यापेक्षा हलके काम त्या छापखान्यात दुसरे नसेल. बोटांची सालटी निघत, आणि शिशाची पूड अंगाला लागे. आज कायद्याने एवढ्या लहान मुलाला अशा कामावर ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. दहा वर्षांच्या पोराला शाळेऐवजी शिशात बसावे लागले याचा आम्हाला अभिमान वाटत नाही. मिशनच्या कारखान्यात का असेना, ती त्या काळची उणीवच होती. ही गोष्ट आपण शब्बाथशाळेत सांगताना गोड करून सांगू नये.

पण त्या मुलाने त्या कामातून काय उचलले ते मात्र सांगितले पाहिजे. खिळे घासताना अक्षराचे अंग कसे असते ते त्याच्या बोटांना कळू लागले. रोमन लिपीचे लहान-मोठे मिळून बावन्न खिळे, आकडे व विरामचिन्हे असली की इंग्रजी पुस्तक छापता येते. आपल्या देवनागरीचे तसे नाही. व्यंजने वेगळी, अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी, वरची मात्रा, खालचा उकार, रफार, अनुस्वार, सारे वेगळे. एका केसीत मावत नाही इतकी संख्या होते. मात्रा अक्षरावर नेमकी बसली पाहिजे, उकार खाली लोंबता कामा नये, आणि शिरोरेघ एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जाताना तुटता कामा नये. हे सारे ज्याला साधले त्यालाच मराठी छापता आली. टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली ही विद्या त्या कारखान्यात होती, आणि झाडलोटीच्या कामाइतक्या हलक्या जागेवर बसलेला जावजी ती डोळ्यांनी उचलत होता.

पुढे मिशनने आपला छापखाना आवरता घेतला. कारागीर पांगले. जावजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या खिळ्यांच्या कारखान्यात लागले, आणि नंतर ‘इंदुप्रकाश’च्या छापखान्यात. जेथे गेले तेथे खिळ्यांचेच काम. पगार थोडा थोडा वाढत गेला असेल. त्याहून अधिक हात वाढत गेला.

स्वतःचा कारखाना

१८६४ साली, वयाच्या पंचविशीत, जावजींनी स्वतःचा खिळे ओतण्याचा लहानसा कारखाना काढला. ते साल मुंबईत कापसाच्या व्यापाराने पैशाचा पूर आणलेले साल होते. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सट्ट्याच्या मागे मोठमोठी माणसे धावत होती. पुढच्याच वर्षी ते युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. अशा धामधुमीत एक गरीब तरुण शिसे वितळवून अक्षरे ओतीत बसला होता. त्या पुरात आलेल्या किती तरी पेढ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. जावजींची अक्षरे मात्र पुढे शंभर वर्षे चालली.

या कामात त्यांना राणोजी रावजी आरू या कसबी माणसाची साथ मिळाली. पोलादावर अक्षर कोरण्यात राणोजींचा हात धरणारा त्या वेळी क्वचितच कोणी असेल. जावजींनी ओतायचे आणि राणोजींनी कोरायचे, अशी ही जोडी. एकाचे नाव मोठे झाले आणि दुसऱ्याचे मागे राहिले, हे जगात होतेच. पण निर्णयसागरची अक्षरे सुंदर म्हणताना राणोजींचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल.

पाच वर्षांनी, १८६९ साली, जावजींनी ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. पुढे काळबादेवीजवळच्या कोळभाट गल्लीत त्याचा पत्ता कायमचा झाला. तेथून निघणारे निर्णयसागर पंचांग महाराष्ट्रभर गेले, आणि आमच्या सीमाभागातही आले. शेजारपाजारच्या घरी खुंटीला टांगलेले ते पंचांग आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल.

छापखान्याला नाव मिळाले ते शुद्धतेमुळे. जावजी स्वतः फारसे शिकलेले नव्हते. पण आपल्याला काय येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणून ज्यांना येते त्यांना ते मानाने बोलावीत. संस्कृत ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा त्यांनी शास्त्री व पंडित कामाला ठेवले. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखित पोथ्या मिळवायच्या, त्या ताडून पाहायच्या, कोठे पाठ वेगळा असेल तर खाली नोंद करायची, मुद्रिते पुन्हा पुन्हा तपासायची, आणि मगच फर्मा मशीनवर चढवायचा, अशी तेथली रीत होती. १८८६ साली त्यांनी ‘काव्यमाला’ हे मासिक पुस्तक सुरू केले. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. यात शेकडो वर्षे पोथ्यांत बांधून पडलेली संस्कृत काव्ये व नाटके प्रथमच छापून निघाली. युरोपातील विद्यापीठांतले पंडितही निर्णयसागरची प्रत मागवू लागले.

यातली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. संस्कृत विद्या ही शतकानुशतके थोड्या घरांत बंद होती. पोथी हातात पडायला जात लागे, कुळ लागे, गुरूची मर्जी लागे. ती विद्या छापील पुस्तकाच्या रूपाने बाजारात ठेवली कोणी, तर ज्याला स्वतः ती शिकण्याची संधी मिळाली नव्हती अशा एका मराठा मुलाने. ज्याच्याजवळ पुस्तकाची किंमत असेल त्याने ते घ्यावे व वाचावे. विकणारा गिऱ्हाइकाची जात विचारीत नव्हता. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या पूर्वजांना अक्षराजवळ फिरकू दिले जात नव्हते, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून छापलेल्या पानाने काय उघडले याची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

मुलांसाठी ‘बालबोध’

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक सुरू केले. ते निर्णयसागरमधून निघे. जावजींचा आधार त्याला होता. ओक ते मासिक जवळजवळ एकट्याने लिहीत. थोरांची चरित्रे, कविता, शास्त्रीय माहिती, निबंध, सारे सोप्या मराठीत. १९१४ साली ते वारले तोपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, हे काम त्यांनी सोडले नाही.

ज्या मुलाला दहाव्या वर्षी शाळा सोडून खिळे घासावे लागले, त्याच्याच छापखान्यातून पुढे महिन्याच्या महिन्याला मुलांच्या हातात वाचनाचा खाऊ पडत होता. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याच्या मुलांना मिळावे, यापेक्षा चांगला सूड गरिबीवर घेता येत नाही.

जावजी १८९२ साली वारले. वय अवघे त्रेपन्न. त्यांच्यामागे मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला व वाढवला. निर्णयसागरचे खिळे गावोगावच्या छापखान्यांनी विकत घेतले, आणि विसाव्या शतकातली कित्येक मराठी पुस्तके त्या वळणाच्या अक्षरांत छापली गेली. आज खिळ्यांचा काळ संपला आहे. आता अक्षर संगणकाच्या पडद्यावर दिसते, आणि ते घासावे लागत नाही.

आपण याचा कसा विचार करावा

हे चरित्र आम्ही एकदा आमच्या मंडळीच्या तरुण संघात सांगितले. तेव्हा एका भावाने उठून सरळ प्रश्न केला. त्याचे म्हणणे असे, की मिशनने सातासमुद्रापलीकडून पैसा आणून छापखाना काढला तो शुभवर्तमानासाठी. तेथे शिकून गणपत कृष्णाजीने पंचांग काढले, जावजींनी पंचांग व पुराणे काढली. मग मिशनचा पैसा व श्रम वायाच गेले नाहीत काय?

प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो टाळून चालणार नाही. त्या वेळी काही मिशनऱ्यांनाही तो पडला असेल. आम्ही त्या भावाला जे सांगितले तेच येथे लिहितो.

पहिली गोष्ट अशी, की त्या छापखान्यातून शास्त्र छापले गेले, पुस्तिका छापल्या गेल्या, आणि त्या वाचून बदललेली माणसे आपल्या पूर्वजांत आहेत. तेव्हा मूळ हेतू फसला असे नाही. दुसरी गोष्ट अशी, की पेरणारा बी टाकतो तेव्हा वारा काही दाणे बांधापलीकडे नेतो. शेजाऱ्याच्या शेतात उगवलेल्या पिकाबद्दल शेतकऱ्याने दुःख करावे काय? आमच्या सीमाभागातील शेतकरी तरी करणार नाही. मिशनऱ्यांनी एका भाषेला अक्षर दिले. त्या अक्षरांनी त्या भाषेची माणसे काय लिहितील हे ठरवण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, आणि ठेवता आलाही नसता. जे देणे अटीवर दिले जाते त्याला देणे म्हणत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट अशी, की जावजींनी आपल्याला दाखवून दिले ते शुद्धतेचे महत्त्व. त्याबद्दल आम्हाला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळीने स्मरणिका काढली. मुद्रिते तपासण्याचे काम आमच्याकडे होते. त्या आठवड्यात आम्हाला दोन गावी उपदेशाला जायचे होते. आम्ही मनाशी म्हटले की देवाचे काम आहे, लहानसहान चुका कोण पाहतो. मुद्रिते वरवर चाळून परत पाठवली. स्मरणिका छापून आली तेव्हा दिवंगत वडिलांच्या यादीत एका वृद्ध भावाचे नाव गळलेले होते. त्यांनी चाळीस वर्षे मंदिराची किल्ली सांभाळली होती, घंटा वाजवली होती. त्यांच्या पत्नीला वाचता येत नव्हते. नातवाने यादी वाचून दाखवली, आणि तिने पुन्हा वाचायला सांगितले. नाव नव्हते ते नव्हतेच. आम्ही क्षमा मागायला गेलो. तिने चहा केला, एक शब्दही वाकडा बोलली नाही. त्या चहाचा घोट आमच्या घशाखाली उतरला नाही.

त्या दिवशी आम्हाला कळले की अक्षर तपासणे ही उपदेशाहून हलकी सेवा नाही. कंगोरा काढायचा राहिला तर ओळ वाकडी होते. नाव गळले तर माणूस गळतो. दोन रुपये पगाराचा मुलगा खिळ्याच्या चारी बाजू घाशीत होता तेव्हा त्याला हे कदाचित शब्दांत सांगता आले नसते, पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते. थोड्या कामात विश्वासू राहिलेल्या चाकराचा दृष्टान्त आपण किती वेळा सांगतो! त्या दृष्टान्तातला धनी मोठ्या कामाचा हिशेब आधी मागत नाही, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. जुना छापखाना मोडीत निघत असेल तर मूठभर खिळे जरूर मागून आणा. मुलांच्या हातावर ठेवा, पण नंतर हात धुवायला लावा, कारण त्यात शिसे आहे. प्रत्येकाला आपल्या नावाचे पहिले अक्षर शोधू द्या. मग त्यांना सांगा की हे अक्षर कोणी तरी पोलादावर कोरले, कोणी तरी ओतले, आणि त्यांच्याच वयाच्या एखाद्या मुलाने घासून गुळगुळीत केले. त्यातल्या एका मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांची नावे पुस्तकांवर आली नाहीत. ज्याच्या यादीतून कोणाचेही नाव गळत नाही त्याच्यापाशी ती असतील, असा आमचा विश्वास आहे.

आणि मंडळीची पुढची स्मरणिका छापायला जाईल तेव्हा मुद्रिते दोनदा वाचा. आम्ही आता तीनदा वाचतो.